अरुणावती कुठं मिळते

सुलेमान, परवा तुला माती देऊन घरी आलो, आंघोळ केली आणि पोटभर जेवलो. वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. दुसरी भाकर मी मागून घेतली. हात धुताना एकदम लक्षात आलं की तू गेलास. तोवर मी नुसती कामं उरकत होतो. खांदा दिला, तीन मुठी माती टाकली, मौलवींशी बोललो, आकोल्याहून आलेल्या तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांना स्टेशनपर्यंत टांगा करून दिला. वकिलाची खोड, दुसरं काय. माणूस गेला तरी आधी पुढचं काम बघायचं.

रडू आलं ते काल, कचेरीत, वकिलांच्या खोलीत. तिथं एक जण पान लावता लावता म्हणाला, ‘‘पिंजारी मास्तर भला माणूस होता बाप्पा. आन देशमुखसाहेबायचे लय उपकार होते त्याच्यावर.’’ बाकीच्यांनी माना हलवल्या. उपकार! माझे! तुझ्यावर! मी तिथून उठलो, चिंचेखाली जाऊन उभा राहिलो आणि भर दुपारी, पक्षकार बघत असताना, लहान पोरासारखा रडलो.

तीस-बत्तीस वर्षांत तू मला एकच प्रश्न दोनदा विचारलास. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला तू राहिला नाहीस. म्हणून हे लिहितो आहे. तुला वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहितो.

तुला आपला पहिला दिवस आठवतो का? मला तर कालचा वाटतो. वाशीमची ती स्काच शाळा, स्कॉटलंडहून आलेल्या पाद्री साहेबांची. गावाच्या बाहेर, लाल कौलांची, दारावर दगडात कोरलेलं एक काटेरी फूल. बाजाराला जाणारी माणसं दारापाशी थांबून म्हणायची, ‘‘सायबानं दारावर उंटकटारा काहून काढला असन?’’ साहेबांच्या मुलखाचं ते मानाचं फूल होतं म्हणे. आपल्याकडं ते गाढवंसुद्धा चुकवून जातात. साहेबांना कुणी इंग्रज म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. मराठी ते त्यांच्या माळ्याकडून शिकले होते, त्यामुळं अस्सल वऱ्हाडी बोलायचे. ‘‘अबे, किती खेपा सांगू, मी इंग्रज नाही. मी स्काच आहे!’’ आणि आपण पोट्टे तोंड दाबून हसायचो. सरकारची मदत त्यांनी कधी घेतली नाही. इन्स्पेक्टर आला की त्याला चहा पाजायचे, बागेतली कोबी दाखवायचे आणि वाटेला लावायचे. ‘‘शाळा माही आहे, पोट्टे माहे आहेत, त्याले काय करा लागते?’’

माझ्यासोबत त्या दिवशी आमचा गडी आला होता, बगलेत सतरंजी घेऊन. बाबांचं सांगणं होतं, देशमुखाचं पोरगं उघड्या बाकावर बसणार नाही. साहेबांनी सतरंजी त्याच्या हातून काढून घेतली, नीट घडी घातली आणि परत दिली. म्हणाले, ‘‘इथी सतरंजी नाही बसत. इथी उत्तर बसते.’’

शाळेची ती रीत बाहेरच्या कुणाला सांगितली तर पटत नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब बाक. साहेबांच्या टेबलाजवळची जागा पहिली, दाराजवळची शेवटची. प्रश्न पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्याला नाही आलं की दुसऱ्याला, त्याला नाही आलं की तिसऱ्याला. ज्याला आलं त्यानं उठायचं, आणि जितके चुकले तितक्यांच्या वर जाऊन बसायचं. बाकीच्यांनी गुमान खाली सरकायचं. त्यांच्या मुलखात शाळांतून असंच चालतं म्हणे. इथं मात्र त्या सरकण्यानं गावात बोंब झाली. कुणाचं पोर कुणाच्या खाली बसलं याच्या बातम्या संध्याकाळी घरोघरी पोचायच्या. दोन सावकारांनी आपली पोरं काढून नेली. साहेबांनी त्यांच्या जागी दोन तेल्यांची घेतली.

तू दाराजवळ बसला होतास. भुवयांत कापूस, कानांवर कापूस, सदऱ्यावर कापूस. बापाबरोबर सकाळी कुणाच्या तरी गाद्या पिंजून तसाच आला होतास. मी तुझ्याकडं बघून नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू? दिवाळीपर्यंत तू माझ्या शेजारी येऊन बसलास. होळीला माझ्या वर. त्यानंतर चार वर्षं पहिली जागा आपल्या दोघांतच फिरत राहिली. आज तुझी, उद्या माझी.

सकाळची घंटा, विहिरीवर थंड पाण्याच्या दोन बादल्या, मग प्रार्थना. तू आणि मी नुसते ओठ हलवायचो. साहेबांना दिसायचं, पण त्यांनी कधी म्हटलं नाही. मग ती ज्वारीच्या कण्यांची पातळ खीर. नुसतं मीठ घालून! साहेब हातात वाडगा धरून उभ्यानं खायचे, म्हणून आपणही उभ्यानं. आईनं मला शाळेतल्या पाण्यालासुद्धा शिवायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी खायचो. घरी कळू नये म्हणून तू तुझ्या खिशातली बडीशेप मला द्यायचास. आणि वर्षातून एकदा त्यांच्या कुठल्याशा सणाला साहेब घागरा नेसून अंगणात तो कातडी पिशवी फुंकून वाजवायचा मशकबाजा वाजवायचे, तेव्हा शेजारच्या मळ्यातले बैल दावं तोडायचे. तू एकदा त्यांना तोंडावर म्हणालास, ‘‘सर, थे दुखून राह्यलं का त्याले?’’ साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

जर्मनची लढाई चालू होती त्या साली आपण शेवटच्या वर्गात आलो. वर्षाच्या अखेरीला सगळ्यांच्या बापांसमोर तोंडी परीक्षा, आणि त्या दिवशी जो पहिल्या जागेवर बसून उठेल त्याला साहेब नागपूरच्या कॉलेजात पाठवणार. दर वर्षी एकच. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेकडून. मला त्याची गरज नव्हती, पण पहिला नंबर हवा होता. तुला नागपूर हवं होतं. त्याशिवाय तुझी गत नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून पहिल्या जागेवर मी होतो. तू दुसरा. बाबा समोर खुर्चीत, पागोटं घालून. तुझे अब्बा दारात उकिडवे बसलेले. साहेबांनी शेवटचा विषय भूगोल घेतला. मला त्यांच्या मुलखातल्या नद्या विचारल्या. मी घडाघडा म्हणालो, ट्वीड, फोर्थ, टे, डी, स्पे, क्लाइड. कुठं उगम, कुठं मुख, सगळं. बाबांची मान ताठ झाली. साहेब मिशीत हसले आणि म्हणाले, ‘‘लय बेस. आता सांग, तुह्या गावची अरुणावती कोन्या नदीले मिळते?’’

सुलेमान, ती नदी आमच्या मळ्याला लागून वाहते. तिच्यात मी पोहायला शिकलो. आजोबांच्या अस्थी तिच्यात सोडल्या. पण ती पुढं कुठं जाते, हा विचार माझ्या डोक्यात जन्मात आला नव्हता. आमच्या शिवाराच्या खाली वळण घेऊन ती दिसेनाशी व्हायची, माझ्या लेखी तिथंच संपायची. साडेतीन हजार कोसांवरची क्लाइड मला पाठ होती आणि घरची नदी येत नव्हती. मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. खाली मान घातली.

‘‘सुलेमान?’’

‘‘पैनगंगेले, सर.’’ तू उभा राहिलास. ‘‘आमी संगमापरेंत गेलतो. अब्बा न् मी. गावोगाव गाद्या पिंजत, काठाकाठानं. दोन हिवाळे.’’

तू वर आलास, मी खाली सरकलो. तुझे अब्बा दारातून उठले आणि त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा खाली बसून घेतलं. पायी चालून मिळवलेलं उत्तर होतं ते. त्याहून खरी जिंकलेली जागा त्या बाकावर कधी कुणी जिंकली नसेल.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसं जमली. कुणी तरी म्हणालं, पिंजाऱ्याचं पोरगं वर गेलं. बाबा मोठ्यानं हसले. ‘‘आपल्या नदीचं आपल्या पोराले ठाव नसन काय? काय बोलता बे! सोडली त्यानं जागा. गरिबाचं पोरगं आहे, जाऊ दे म्हने.’’ माणसं माझ्याकडं बघायला लागली, कौतुकानं. बाबांना ते खरंच वाटत होतं की त्यांनी अब्रू झाकली, देव जाणे. मी तिथंच होतो. ‘नाही बाबा, मला येत नव्हतं’ एवढंच म्हणायचं होतं. मी आत जाऊन पाणी प्यालो.

रविवारच्या बाजारात ती गोष्ट वाशीमभर झाली. सोमवारी साहेबांपर्यंत पोचली. आणि त्या भल्या माणसानं प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माझा हात हातात घेतला. म्हणाले, पहिला येणं मोठं आहे, पण मित्रासाठी मागं सरणं त्याहून मोठं आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू दुसऱ्या रांगेत उभा होतास. तू टाळ्या वाजवल्या नाहीस.

मधल्या सुट्टीत तू मला विहिरीवर गाठलंस. 

‘‘बापू, खरं सांग. तुले येत होतं काय?’’

मी काहीच बोललो नाही. पण नुसता गप्प बसलो असतो तरी परवडलं असतं. मी हसलो, सुलेमान. खाली बघून, जरासं, मोठा दिलदार असल्यासारखा हसलो. ते हसू मी आजही विसरलेलो नाही, आणि तूही विसरला नसशील.

‘‘मले खैरात नाही पाहिजे,’’ तू म्हणालास आणि निघून गेलास. तेच तू साहेबांना जाऊन सांगितलंस. साहेबांनी तुला तीन दिवस समजावलं, अब्बांना बोलावलं, रागावले, हातसुद्धा जोडले म्हणे. तू ऐकलं नाहीस. मग नागपूरच्या कॉलेजाला शिफारशीचं पत्र माझ्या नावानं गेलं.

मला वाटलं होतं, तू थोडा रुसशील आणि जाशील. कोण सोडतं असं नागपूर? तू सोडलंस हे कळलं तेव्हाही माझ्या हातात आठ दिवस होते. एका वाक्यानं सगळं सुतासारखं सरळ झालं असतं. पण आता सांगितलं तर बाबा खोटे, साहेब खोटे, त्या टाळ्या खोट्या. सोळा वर्षांचा होतो मी. सोळा हे कारण होत नाही, माहीत आहे. स्टेशनवर तू आलास. फलाटावर तू मला एक पिशवी दिलीस, आत तुझ्या आईनं केलेल्या गोड पुऱ्या होत्या. गाडी सुटेपर्यंत तू उभा होतास. मी खिडकीतून हात केला.

मी वकील झालो. तुला साहेबांनी शाळेतच ठेवून घेतलं, खालच्या वर्गांना. साहेब थकून मायदेशी गेले, तेव्हा शाळा तुझ्या हाती द्यायची त्यांची फार इच्छा होती. पण तू बी. ए. नव्हतास. तुझ्या डोक्यावर एकामागून एक तीन हेडमास्तर आले. तिघांनाही शाळेच्या भिंतीतली कुठली वीट ओली राहते हे तू दाखवून दिलंस. तिसऱ्यानं तर बाकाची रीत बंद करायला काढली, आणि सल्ला विचारायला माझ्याकडं आला. मी म्हणालो, करा बंद, पोरांचा अपमान होतो त्यानं. त्यावरून आपण वर्षभर भांडलो. आठवतं?

‘‘अपमान कायचा? त्या बाकावर कोनी पोट्ट्याले बापाचं नाव नाही इचारत,’’ तू म्हणायचास.

‘‘आणि जो खाली सरकतो त्याचं काय?’’

‘‘उद्या वर येईन थो. कोनी खोटं वर नाही चढवलं म्हणजे झालं.’’

तू ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, की मलाच तसं वाटलं? मी तेव्हा विषय बदलला. ते भांडण अर्धंच राहिलं. आज मान्य करतो, तुझं बरोबर होतं.

तू कधी कडवटपणा दाखवला नाहीस, हीच माझी मोठी अडचण होती. माझ्या लग्नात गाद्या तू पिंजल्यास, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या हातानं, मास्तर झाल्यावरसुद्धा. कापसात एक सरकी राहिली नव्हती. त्या गादीवर मी वीस वर्षं झोपलो. माझ्या दोन्ही पोरांना तू भूगोल शिकवलास आणि नकाशा काढायची सुरुवात दर वेळी घराजवळच्या ओढ्यापासून केलीस. बाबा गेले तेव्हा दहा दिवस रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ नुसता बसलास. मी तुझ्यावर काय उपकार केले रे? कुणीतरी सांगावं मला.

गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलास. त्यातच एका दुपारी मी आलो होतो. ताप उतरला होता, तू तक्क्याला टेकून बसला होतास, संत्र्याच्या फोडी सोलत होतास. इकडचं तिकडचं झालं आणि तू सहज, फोडीचं बी काढता काढता विचारलंस.

‘‘बापू, आता त सांग. तुले येत होतं काय?’’

 तू रागात नव्हतास. तुला फक्त जाणून घ्यायचं होतं. बत्तीस वर्षं एक माणूस स्वतःच्या एका उत्तराविषयी साशंक राहिला, आणि त्याची किल्ली माझ्याकडं होती. मी काय म्हणालो? ‘‘जुनं कायले उकरत राह्यला? पड आता. बरा झाला का बोलू.’’ तू फोड तोंडात टाकलीस आणि मान डोलावलीस. नवव्या दिवशी तू गेलास.

म्हणून काल संध्याकाळी कचेरीतून मी तडक तुझ्या घरी गेलो. भाबी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, पडद्याच्या आत. मी ओसरीवर बसलो आणि पडद्याकडं तोंड करून सगळं सांगितलं. नदी, बाबा, टाळ्या, विहीर, नागपूर, संत्री, काहीच ठेवलं नाही. मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील. निदान शिव्या तरी देतील. मी त्यासाठीच गेलो होतो बहुतेक.

 मग भाबी म्हणाल्या, ‘‘नूर पह्यली येते न् भाऊ, शाळेत. दर खेपी पह्यली येते. पोट्टी पळत घरी येऊन सांगे, त हे आधी इचारत, कोनी सोडला त नाही न् नंबर तुह्यासाठी? चांगली पारखून घेत. रडे पोट्टी कधी कधी. मी म्हणो, असं काहून इचारता लेकरायले? त म्हणत, माहीत असावं मानसाले.’’



‘‘मले नका सांगू हे,’’ भाबी म्हणाल्या. ‘‘तिले सांगा.’’

आणि त्यांनी तिला बाहेर पाठवलं. तुझी नूर, अकरा वर्षांची, तुझ्याच भुवया, ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, तिला कळेल अशा बेतानं.  मी थांबल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे अब्बाले येत होतं.’’

‘‘हो. त्याला येत होतं.’’

‘‘आन तुमाले नव्हतं येत.’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मंग नागपूरले खरं त अब्बाच जाणार होते.’’

‘‘हो, बेटा.’’

तिनं जरा विचार केला. ‘‘तुमी अब्बाले सांगतलं होतं हे?’’

‘‘नाही.’’

‘‘काहून?’’

मी रोज कचेरीत उभा राहून लोकांच्या चुकांची कारणं सांगतो, सुलेमान. चोराची सांगतो, खुन्याची सांगतो. तुझ्या पोरीला माझ्या चुकीचं कोणतं सांगू? भीती वाटली म्हणावं? लाज वाटली म्हणावं? तुला वाट बघत ठेवलं आणि वाट बघणारा माणूस गेला, याला काय म्हणावं? ती माझ्या तोंडाकडं बघत बसली, अगदी मन लावून, तू वर्गात पोरांच्या उत्तरांसाठी थांबायचास तशी.

आतून भाबींनी हाक मारली, ‘‘नूर, चाल आता घरात.’’

‘‘थांब अम्मी,’’ ती म्हणाली. ‘‘काका सांगून राह्यले.’’